रुपेरी शेजारी

मित्रांनो, मी जुना आहे हे लपवत नाही. तबकड्या वाजवणारे यंत्र आहे मी, अक्रोडाच्या लाकडाचे. मत्सरी आहे हे मात्र मी तीन वर्षे स्वतःपासूनसुद्धा लपवले. आज ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचे सगळे नीट कळेल.

माझा जन्म तोक्योजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझी फिरती थाळी कानाशी धरून फिरवली आणि आवाज आला नाही तेव्हाच मान डोलावली. शिराइशी नावाच्या गृहस्थांनी मला घेतले. त्यांचे सोबा शेवयांचे दुकान होते. गिऱ्हाईक उठले की ते हात पुसून माझ्यावर तबकडी ठेवत. चाळीस वर्षे मी त्या घरात लाडाने राहिलो. तिथे दुसरे यंत्र नव्हते, म्हणून मत्सर म्हणजे काय हे मला माहीतच नव्हते.

शिराइशी गेले. त्यांच्या मुलीने मला ओसाकाच्या कुवाबारासानना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कुवाबारारावांना, विकले. जुनी गाण्याची यंत्रे विकत घेऊन, दुरुस्त करून विकणे हा कुवाबारासानचा धंदा. माणूस सचोटीचा. प्रत्येक यंत्रापुढे ते चिठ्ठी लावत आणि तिच्यावर त्याचे सगळे दोष लिहीत. चिठ्ठी सकाळी आधी लिहायची आणि काम मग करायचे, ही त्यांची सवय होती. शाई वाळायला वेळ मिळतो, असे ते म्हणत.

ओसाकात आल्यावर माझ्यात जणू नवे तारुण्य संचारले. थाळी कशी भरभर फिरायची! दुकानातली बाकीची यंत्रे मला आळशी वाटू लागली. सगळ्यांत आळशी माझा शेजारी. अंगाने रुपेरी, वजनाने माझ्या दुप्पट, पूर्वी रेडिओ केंद्रात नोकरीला होता. थाळीवर जाड, मऊ, काळी रबरी चकती, थाळीची थरथर तबकडीपर्यंत पोचू न देणारी. माझी चकती कडक होऊन कडांना चिरली होती. येणारा प्रत्येक जण आधी त्याच्यावरून हात फिरवायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. याची वीज जावी, याची सुई तुटावी, असे मी रोज मनात म्हणायचो. तो बिचारा मला कधी काही बोलला नाही. त्याचाही मला रागच यायचा.

एका शनिवारी निशिवाकी बाई आल्या. शाळेत चाळीस वर्षे संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. हातातल्या पिशवीतून त्यांनी आधी खडीसाखरेच्या गोळ्या काढून कुवाबारासान आणि त्यांची बायको याएको यांना एकेक दिली, मग कामाचे बोलल्या.

"मला एकच तबकडी ऐकायची आहे," त्या म्हणाल्या. "शाळेच्या मुलांनी गायलेली. एकटा गातो तो माझा धाकटा भाऊ, शुन्साकु. अकरा वर्षांचा होता तेव्हा. एकोणिसाव्या वर्षी गेला. एवढीच एक प्रत उरली आहे, तेव्हा भलत्यासलत्या सुईखाली देणार नाही."

म्हणून त्यांनी दुकानातलीच एक अनोळखी तबकडी लावून यंत्रांची तुलना केली. माझ्यावर अर्धा मिनिट ऐकले आणि नाक मुरडले. रुपेरीवर दोन्ही बाजू ऐकल्या. पुढच्या शनिवारी परत रुपेरीवर, डोळे मिटून. मी शेजारी उभा राहून जळत होतो.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी त्याच्यावर आपली तबकडी ठेवली. गाणे शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि तिथे सुई उडाली. पुन्हा लावली, पुन्हा उडाली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

"सुई धरणाऱ्या हाताचा सांधा झिजलाय," कुवाबारासान सुई उचलून म्हणाले. "चिठ्ठीवर लिहिलंय मी. असा माल मी विकत नाही. पण उपाय आहे. हा शेजारचा लाकडी आहे ना, त्याचा हात एकदम ठणठणीत. तो काढून याला बसवतो. लाकड्याला तीन वर्षांत कोणी विचारलेलं नाही."

माझा हात, आणि त्याला! मित्रांनो, मरणाचे मला तितके दुःख नव्हते. माझे तुकडे होऊन ते त्याच्या अंगावर शोभणार, हे मला सोसवेना.

पुढच्या शनिवारी कुवाबारासाननी पेचकस, कापड आणि एक रिकामी डबी मांडली. आमच्या दुकानात एक रीत होती. यंत्र उकलण्याआधी त्याच्यावर एक तबकडी शेवटपर्यंत वाजवायची आणि त्याला वाकून नमस्कार करायचा. त्याने आयुष्यभर गाऊन दाखवले, त्याला मुक्याने पाठवू नये, असे कुवाबारासानचे वडील सांगून गेले होते.

"माझीच लावा," बाई म्हणाल्या. "तिची आणि या हाताची आजच ओळख होऊ दे."

मी ठरवले, जाता जाता असा गाईन की या रुपेरीने तोंड लपवावे. आणि सगळा जोर लावून गायलो. बाईंनी चटकन डोळे उघडले.

"हा माझा शुन्साकु नव्हे. हा तर शाळेची घंटा झाल्यावर पळत सुटलेल्या पोरासारखा गातोय."

"बाई, जुना माल आहे. या वयात जरा वेगळं बोलणारच. मी तरी कुठे धड बोलतो?"

"ते मात्र खरं," आतून याएको म्हणाल्या.

"थट्टा राहू द्या. या गाण्याचा पियानो मी वाजवलाय." बाईंनी पिशवीतून सूर लावायची छोटी शिट्टी काढून फुंकली. "हा सा. रुपेरीवर गाणं इथेच सुरू झालं होतं. आणि हा लाकडी कोमल गंधारावर सुरू करतोय. ना थोडा वर, ना थोडा खाली, नेमका कोमल गंधार. म्हणजे पाचाच्या जागी सहा. म्हातारपणानं चुकणारा इतका मोजून चुकत नाही हो. कुठून आणलात याला?"

"तोक्योहून," कुवाबारासान म्हणाले आणि त्यांनी माझी चिठ्ठी उचलली.

आमच्या देशात वीज दोन तऱ्हांची आहे. तोक्योच्या बाजूला ती सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, ओसाकाच्या बाजूला साठ. माझ्यासारख्या यंत्राची मोटर त्या हेलकाव्यांच्या तालावर फिरते. म्हणून एका बाजूहून दुसरीकडे गेले की मोटरवरची पितळी पुलीही बदलावी लागते, नाहीतर थाळीचा वेग बदलतो आणि सूरही. हे इथल्या प्रत्येक दुकानदाराला पाठ असते.

"पण मी बदललीय," कुवाबारासान पुटपुटले. "ही बघा चिठ्ठी, माझंच अक्षर. 'साठ. तपासले.'"

"चिठ्ठी वाजते का?" याएको चहा घेऊन बाहेर आल्या. "अहो, हा आला त्या दिवशी तुमच्या बहिणीचा फोन आला होता. तासभर. चिठ्ठी लिहून झाली होती, काम राहिलं असेल. आणि स्वतःचं अक्षर तुम्ही कधी पुन्हा तपासता का?"

कुवाबारासाननी माझी थाळी उचलली. मोटरवर पन्नासची पुली तशीच होती. माझ्या तळाला चिकटवलेल्या पाकिटात साठची छोटी पुली पहिल्या दिवसापासून पडून होती. कुवाबारासाननी माझ्यापुढे कमरेत वाकून माफी मागितली. ती घ्यावी की न घ्यावी हेही मला सुचेना.

पुली बदलली आणि मला वाटले, आपण संपलो. थाळी किती सावकाश! मग आवाज आला. एक मुलगा गात होता, न घाबरता, श्वास पुरवून पुरवून. शेवटच्या ओळीवरूनही सुई अलगद गेली. बाई पिशवी छातीशी धरून बसून राहिल्या. याएकोंनी चहा त्यांच्यापासून जरा दूर सरकवला.

मला लाज वाटली. तीन वर्षे मी धापा टाकत होतो आणि त्याला तारुण्य म्हणत होतो. दोष माझ्या पोटात होता आणि मी शेजाऱ्याला शिव्या देत होतो.

पण लाज लवकर विरली, कारण बाईंनी मलाच घेतले. मला कापडात गुंडाळले तेव्हा रुपेरी फळीवर एकटा होता, झिजलेल्या हातासह. मी त्याचा निरोपही घेतला नाही. मित्रांनो, मी जिंकलो होतो.

ओसाकाला लागूनच असलेल्या साकाई गावात बाईंचे छोटे घर आहे. दर शनिवारी त्या मला पुसतात, शुन्साकुचे गाणे एकदाच लावतात आणि सुई उचलतात. मी सुखात असायला हवे होते. पण मधूनच त्या म्हणायच्या, "शब्द मात्र त्या रुपेरीवर जास्त स्वच्छ होते हं." झाले, माझा आठवडा वाया जायचा. पाहुण्यांनी त्याचे नाव काढले तरी माझ्या पोटात दुखायचे.

थंडी सरताना कुवाबारासानचा फोन आला. बाई दुकानात जाऊन संध्याकाळी परत आल्या. माझ्यासमोर बसून त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले काहीतरी काढले. जाड, मऊ, काळे.

"त्याच्या जोगा हात शेवटपर्यंत कुठेच मिळाला नाही रे," त्या मला म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलतात. "आज उकलला त्याला. शेवटची तबकडी म्हणून मी शुन्साकुलाच नेलं होतं. काय गायला! आणि शेवटच्या ओळीवर बिचारा अडखळला, नेहमीसारखा. आम्ही तिघांनी नमस्कार केला. ही चकती तुझ्यासाठी दिलीय कुवाबारासाननी."

माझी चिरलेली चकती काढून त्यांनी त्याची माझ्यावर बसवली. नीट बसली. तेव्हापासून माझ्यावर शब्द स्वच्छ ऐकू येतात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू बिघडली, तर ती बिघडलीच असे चिठ्ठीवरून ठरवू नका. एकदा तिच्या पोटात डोकावून बघा. सांधा झिजत असेल तर वेळेवर तेलाचा थेंब द्या. रेडिओ केंद्रात त्याला कोणी तो थेंब दिला असता, तर तो आज कोणाच्या तरी घरी गात असता.

मला आता हेवा करायला कोणी उरलेले नाही, आणि ते बरे वाटत नाही. दर शनिवारी गाणे शेवटच्या ओळीशी आले की मी थाळी अगदी सांभाळून फिरवतो. ती एक ओळ मी माझ्यासाठी वाजवत नाही.