उजवीकडचं सिंक

माझ्या वडिलांनी थाटलेल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचं बाहेरचं रूप ते बघायचे आणि स्वयंपाकघरं माझ्याकडे असायची. त्यांनी आखलेला पहिला ओटा मी जसाच्या तसा गिरवत आले. सिंक उजव्या टोकाला, अगदी भिंतीला चिकटून. वडील गेले, कम्प्युटर आले, पण सिंक काही हललं नाही. कुणी कुरकुरलंच तर मी ठणकावून सांगायचे, "आमच्याकडे हीच पद्धत आहे."

परवा ऑफिसात माझ्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीनं एका नव्या घराच्या नकाशात ते डावीकडे नेलं आणि माझं डोकंच फिरलं.

"आजोबांच्या कामात नाक खुपसायला कुणी सांगितलं तुला?"

"आत्या, भांडी घासताना उजवं कोपर भिंतीवर आपटतं गं!"

"आजवर कुणाचं आपटलं नाही ते!"

"मग आपल्या पॅन्ट्रीत भिंतीला फोम कशाला चिकटवलाय?"

आता घ्या! तो फोम मीच चिकटवला होता. नकाशा चुकला असेल असं मनातसुद्धा आलं नाही, मला आपली भिंतच कडक वाटली.

पण माघार घेईन तर मी कसली? "पटत नसेल तर रस्ता मोकळा आहे," असं बोलून बसले. तिला दुसऱ्या ऑफिसातून बोलावणं आलं होतं, त्याच दिवशी उत्तर कळवायचं होतं. ती गेली की माझ्यामागे इथे कुलूपच. सगळं कळत होतं, पण जीभ ऐकेल तर ना!

आरडाओरडा ऐकून वरच्या मजल्यावरच्या घरातून आई खाली आली, चहाचा कप हातात घेऊनच.

"आधी कप विसळते, मग तुमचं भांडण सोडवते," म्हणत ती पॅन्ट्रीतल्या सिंकपाशी उभी राहिली. डाव्या हातानं कप घासू लागली. कोपर ऐसपैस हलत होतं, फोमला शिवतही नव्हतं. भाची माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू तर डावखुरी!"

"जन्मापासून. आज कळलं होय?"

"मग हे सिंक..."

"आपल्या घरचा पहिला ओटा करताना यांनी जमिनीवर खडूनं रेघा मारल्या, मला आत उभं केलं. म्हणाले, घास भांडी. हवेत भांडी घासता घासता हसून पुरेवाट झाली माझी. मग कुठे नकाशा काढला." आईनं फोमवर बोट दाबून बघितलं. "अगं, ते माझ्यापुरतं होतं. सगळ्यांच्या गळ्यात मारलंस?"

मला हसूही आलं आणि रडूही. वडील आधी माणसाला उभं करून विचारत होते आणि मी त्यांची रेघ तेवढी गिरवत बसले होते.

मी टेबलाच्या खणातून खडू काढला आणि भाचीच्या हातात दिला. "उद्या त्या घरातल्या बाईंना बोलावून घे. रेघा तू मार."

"आणि त्या ऑफिसला काय कळवू?"

"कळव, आत्या अजून शिकतेय. तिला मध्येच सोडून येता येत नाही."