व्याह्यांच्या गाडीतली हळद

सर्जेराव त्या दिवशी लेकीबरोबर गेले, ते तिचं काम बघायला नव्हे, ते बंद करायला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

रूपाली त्यांची एकुलती एक. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली तेव्हा सर्जेरावांनी एस.टी. डेपोत पेढे वाटले होते. आणि आता ही बया काय करते? तर लोकांच्या गाड्यांच्या सीटा धुते! त्यासाठी तिनं एक मशीन घेतलं होतं. गरम पाण्याचा फवारा सीटच्या पोटात मारायचा आणि त्याच दमात मळासकट पाणी परत ओढून घ्यायचं. मशीन बरं होतं हो, पण काम शेवटी दुसऱ्याची घाण काढायचंच ना. सर्जेरावांच्या आजीनं देवगाव रंगारीत जन्मभर गावाची घाण काढली. बाबासाहेबांचं ऐकून वडलांनी ते काम सोडलं आणि पोरांना शाळेत घातलं. आता शिकलीसवरली पोरगी परत तेच धरून बसली, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. कुणी विचारलं की ‘पोरगी कंपनीत आहे’ म्हणून मोकळे व्हायचे.

अशात सोयगावच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेतली जागा निघाली. तिथले सुदर्शन सर सर्जेरावांचे जुने स्नेही. त्यांना आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. रूपालीनं एकच अट घातली. एक दिवस माझ्यासंगं चला, मग तुम्ही म्हणाल तसं करते, मशीनसुद्धा विकते. पोरगी शब्दाची पक्की. सर्जेराव खुशीतच रिक्षात बसले.

ज्योतीनगरात श्रीनिवासरावांच्या बंगल्याच्या दारात मशीन उतरवलं. हे श्रीनिवासराव बँकेतून निवृत्त झालेले. परवाच त्यांच्या मुलीचं लग्न झालं होतं, मांडव अजून उभा होता. व्याह्यांनी पाहुण्यांच्या दिमतीला आपली नवीकोरी गाडी दिलेली, आत सायीच्या रंगाच्या सीटा. हळदीच्या दिवशी कुणीतरी ओल्या हळदीच्या साडीनिशी मागं जाऊन बसलं. मग काय, पडला डाग. श्रीनिवासरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी घाईघाईनं कपड्याच्या पावडरीनं तो घासला, तर पिवळ्याचा लालभडक झाला. व्याही सहा वाजता गाडी न्यायला येणार होते. श्रीनिवासराव येरझाऱ्या घालत ‘प्रथमग्रासे मक्षिकापातः’ एवढंच म्हणत होते.

रूपालीनं डाग पाहिला, बोट फिरवून वास घेतला. मग विचारलं, “काकू, हळदीचं कुंकू कसं करतात?”

“चुना घालून,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि तिथंच थबकल्या.

साबणाची पावडर चुन्याच्याच भावकीतली, रूपालीनं समजावलं. डाग वाढला नव्हता, त्याचा फक्त रंग बदलला होता. घ्या! ज्यांच्या देवघरात पिढ्यान् पिढ्या हळदकुंकू वाहिलं गेलं, त्यांनीच सीटवर कुंकू केलं होतं.

सर्जेराव मांडवातल्या खुर्चीवर बसून बघत होते. रूपालीनं आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाणी मारून पाहिलं, मग डागाला हात घातला. गरम पाणी पडलं मात्र, लाल रंग तळहाताएवढा होता तो ताटाएवढा पसरला. प्रमोदिनीबाईंचा धीर सुटला. ही मुलगी सगळीच सीट घालवणार, असं त्या नवऱ्याला चांगलं मोठ्यानं म्हणाल्या.

आता खरं तर सर्जेरावांना बरं वाटायला हवं होतं. काम फसलं तर त्यांचं काम फत्ते. पण बापाचं काळीज वेडं असतं. त्यांना त्या बाईचाच राग आला. लेक आता खाली मान घालणार, माफी मागणार, हे त्यांना बघवेना.

रूपालीनं मान वर केली. आवाज मात्र चढवला नाही. “आत मुरलेली पावडर बाहेर येतीय, काकू. ती निघाल्याशिवाय पुढचं औषध चालत नाय. अर्धा तास थांबा.”

आणि अख्खं घर थांबलं. प्रमोदिनीबाई पायरीवर बसल्या, श्रीनिवासरावांच्या येरझाऱ्या बंद झाल्या. सर्जेरावांना आजी आठवली. गावानं थांब म्हटलं की आजी उन्हात दुपारभर थांबायची. इथं त्यांची लेक थांबा म्हणाली, तर बंगलेवाले थांबले होते. सर्जेरावांनी नकळत खुर्ची पुढं ओढली.

मशीनच्या टाकीत आधी लालसर फेस आला, मग नुसता फेस, मग साधं पाणी. फेस थांबल्यावर तिनं लिंबूसत्त्वाचं पाणी फवारलं, तसा लाल रंग बघता बघता पिवळा झाला. पिवळा तरी राहिलाच की, श्रीनिवासराव पुटपुटले. त्यावर तिनं मागची सीट खटके काढून उचलली आणि अंगणात मे महिन्याच्या उन्हात पालथी नव्हे, चांगली डाग वर करून ठेवली. हळद उन्हाला टिकत नाही, हे तर धुणं वाळत घालणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. तोवर तिनं पुढच्या सीटा घेतल्या. पेरणीची पाभर धरावी तसा तिचा हात सरळ चालत होता, एका पट्ट्याला लागून दुसरा. नव्या म्हणवणाऱ्या गाडीतून चहासारखं काळं पाणी निघालं, तेव्हा श्रीनिवासराव वरमले. सर्जेराव मात्र आता उभे राहून बघत होते.

चार वाजता तिनं प्रमोदिनीबाईंना डाग शोधायला सांगितला. त्यांनी चष्मा लावला, कापडावर हात फिरवला, सीट चारी बाजूंनी न्याहाळली. डाग काही सापडला नाही. हे कुठं शिकलीस, असं त्यांनी फार मऊ आवाजात विचारलं.

“कॉलेजात,” रूपाली म्हणाली. “दुसऱ्या वर्षाला होतं हे.”

सर्जेराव ऐकत होते. पोरीचं शिक्षण वाया गेलं, असं ते मनाशी किती वेळा म्हणाले होते! ते तर इथं, ह्या सीटवर, सगळ्यांच्या देखत कामाला आलं होतं. त्यांना अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. सुदर्शन सरच होते. सर्जेराव बाजूला गेले नाहीत, मांडवाच्या मधोमध उभे राहून बोलले.

“नाय सर. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. रूपाली नाय येत.”

पलीकडून सरांनी विचारलं असावं की कंपनीनं पगार वाढवला काय. पाइप गुंडाळता गुंडाळता रूपाली थांबली.

“कंपनी-बिंपनी काय नाय. मी तुमच्याशी खोटं बोललो व्हतो,” सर्जेराव म्हणाले. “गाड्या धुते माझी पोरगी. लोकांनी घासून घासून बिघडवलेलं ती शिक्षणानं नीट करते. तुम्ही बी घेऊन या तुमची गाडी. पण आधी फोन करा, तिला सवड असंल तरच या.”