चोरून न खाल्लेला चिकू

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. दिसायला साबणाच्या वडीएवढा, पण रक्ताच्या एका थेंबावरून साखर सांगतो! मागचे झाकण हरवल्यामुळे माझे सेल आता रबरबँडने अडकवलेले आहेत. तरी कामाला मी अजून पक्का आहे.

२०१७ साली एका अभ्यासासाठी मी डहाणूत आलो. घरच्या घरी साखर मोजता आली तर मधुमेह असलेल्या माणसांच्या सवयी बदलतात का, हे डॉक्टरांना पाहायचे होते. मला वाणगावजवळच्या चंद्रामावशीकडे सोपवले. माझा आकडा फोनवरून थेट डॉक्टरांकडे जाई, मग माझा थाट काय विचारता!

मावशीने चहातली साखर सोडली, भात निम्म्यावर आणला. आकडे उतरू लागले. अभ्यासाच्या कामाला येणारी क्रांती तिची पाठ थोपटायची. मग चिकूचा हंगाम आला. मावशी वाडीत चिकू सोलून चकत्या वाळत घालायच्या कामाला लागली. दुपारी घरी आली की जेवणाआधी बोट टोचायची. आकडा एकदम तीनशेवर!

"चोरून चिकू खातेस तू," तिचा नवरा देवजी म्हणाला.

"देवाशपथ, एक फोड पण तोंडात नाय घातली."

"मंग मशीन खोटं बोलतं काय?"

मी खोटे बोलतच नाही. बोटावर येईल ते मोजतो. पण मावशी रडली तेव्हा मला फार वाईट वाटले. इकडे डॉक्टरांनी फोनवर मावशीचे रोजचे इन्सुलिन वाढवायला सांगितले.

त्याच दुपारी क्रांती आली. बोट टोचायला तिने मावशीचा हात धरला आणि थांबली.

"मावशी, हात चिकट कशाने?"

"चिकू सोलून आले ना!"

क्रांतीने तिला साबणाने हात धुवायला लावले, पुसले आणि मग टोचले. मी एकशे चाळीस दाखवले.

"मशीनने बोटावरचा रस मोजला," क्रांती म्हणाली. "इन्सुलिन वाढवलं असतं तर मावशी चक्कर येऊन पडली असती." तिने लगेच डॉक्टरांना फोन लावून वाढीव डोस थांबवला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावरून आली, तेव्हा देवजी साबण आणि तांब्या घेऊन ओट्यावर उभा होता.

मित्रांनो, मला जरूर जपा. पण माझा आकडा पाहून कुणावर डोळे वटारण्याआधी, त्याच्या हातावर तांब्याभर पाणी घाला.