डब्यावरचं नाव

विनायकराव बोधनकर रेडिओ केंद्राच्या टेप लायब्ररीतून निवृत्त झाले तेव्हा त्यांना शाल, श्रीफळ आणि ‘अत्यंत प्रामाणिक’ असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र मिळालं. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरात कोणीही आलं की आधी ते प्रशस्तिपत्र दिसतं, मग विनायकराव. बत्तीस वर्षांत या माणसाने सरकारी टाचणीसुद्धा घरी आणली नाही, असं लोक अजून सांगतात. लोकांचं काय जातं सांगायला.

सोमवारी सकाळी नरेशचा फोन आला. नरेश केंद्रातला उद्घोषक. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत लायब्ररीचं काम तो विनायकरावांकडेच शिकला होता. विनायकरावांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. तसा तो नसता तर पुढचं सगळं कदाचित टळलं असतं.

‘दादा, बधाई हो!’ नरेश ओरडला. ‘आज से पूरा हफ्ता शास्त्रीय संगीत का कार्यक्रम है, रोज चार बजे, अपनी पुरानी टेपों से. और इतवार को पद्मिनी काकी का मुलतानी! डिब्बा मिल गया दादा, आपके ही अक्षर में नाम लिखा है.’

स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको पद्मिनी उभी होती. हात कणकेने भरलेले. तिने सगळं ऐकलं आणि तशाच भरल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. कणीक गालाला लागली तरी तिला भान नव्हतं.

‘बढिया,’ विनायकराव म्हणाले. नरेश आणखी काही बोलायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.

कारण ती टेप जगात नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली होती.

पद्मिनी लग्न होऊन अमरावतीहून आली तेव्हा गळ्यात मंगळसूत्रापेक्षा गाणंच जास्त शोभत होतं, असं विनायकरावांची आईसुद्धा म्हणायची, आणि ती बाई सुनेचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती. एक्क्याण्णव साली केंद्राने पद्मिनीला बोलावलं. तिने वीस मिनिटं मुलतानी गायला. तो एकदा लागला, सगळ्या रायपूरने ऐकला. घरी कॅसेटवर भरून घेऊ, असं कोणाच्या मनात आलं नाही. टेपांच्या किल्ल्या नवऱ्याच्याच कमरेला असताना कॅसेट कशाला?

पुढच्या पावसाळ्यात कोऱ्या टेपांचा तुटवडा पडला. अशा वेळी स्थानिक कलाकारांच्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, असा रिवाज होता. पुसायच्या टेपांची यादी विनायकराव करायचे. ज्या ठेवायच्या त्यांच्या डब्यावर ‘राखीव’ असा लाल शिक्का मारायचा, एवढंच काम. पद्मिनीच्या डब्यावर शिक्का मारायला त्यांनी हात उचलला, तेव्हा समोरचे साहेब हसून म्हणाले, ‘क्यों बोधनकरजी, घर की टेप है?’ विनायकरावांनी शिक्का खाली ठेवला. टेप पुसायच्या यंत्रावर ठेवली आणि बटण दाबलं. चुलीवर दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही.

डबा मात्र त्यांच्याने फेकवला नाही. त्यावर त्यांनी बोरूने, जीव ओतून नाव लिहिलं होतं: श्रीमती पद्मिनी बोधनकर, राग मुलतानी. रिकामा डबा तपासणीत सापडला असता. त्याच पावसाळ्यात वाळवीने कितीतरी डबे खाल्ले होते आणि आतल्या टेपा बिननावाच्या पडल्या होत्या. त्यातली एक उचलून त्यांनी या डब्यात ठेवली आणि डबा फळीवर परत लावला. आत काय आहे ते ऐकलंही नाही. हळवेपणा करायचा तर तो असा, अर्धवट.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, ‘तुझी टेप राखीव केली.’ पद्मिनीने त्या दिवशी शिरा केला होता. तो त्यांनी दोनदा मागून घेतला.

मग अनुश्री झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि गाणं सुटलं ते सुटलंच. तीन वर्षांपूर्वी पद्मिनीच्या गळ्यात गाठ निघाली. आवाज जाऊ शकतो, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं. शस्त्रक्रियेला दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी अनुश्री मोबाइल घेऊन आईसमोर बसली. ती नव्या रायपुरात सरकारी कचेरीत आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत देते. ‘आई, कुछ गा दो ना. दो मिनट. रेकॉर्ड कर लेती हूँ.’

पद्मिनी हसली होती. ‘आता या फाटक्या गळ्याचं काय भरून ठेवतं? माहा खरा आवाज तिथं राखीव आहे. विचार बाबाले.’

अनुश्रीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, ‘हो, आहे.’

अनुश्रीने मोबाइल खाली ठेवला. आता पद्मिनीकडे आवाज म्हणून उरला आहे तो नुसता फुसफुसाट. कुकरची शिट्टी झाली तरी त्यात बुडतो.

सोमवारी चार वाजता सतार लागली. पद्मिनीने रेडिओ पुसून समोर ठेवला होता. तिची बोटं तीन वर्षांत पहिल्यांदा मांडीवर ताल धरत होती. मंगळवारी कोणा बुवांचा ख्याल लागला. ते समेवर जरा घाईने आले, तर ती विनायकरावांकडे बघून नाक मुरडून हसली. तसं हसणं विनायकराव विसरूनच गेले होते. ते उठून परसात गेले आणि तुळशीला उगाच दुसऱ्यांदा पाणी घातलं.

बुधवारी ते केंद्रावर गेले. नरेशने चहा मागवला आणि कानाला हेडफोन लावून टेप ऐकवली. तंबोरा सुरू झाला. मग एका मुलीचा आवाज आला. विशीतली असावी. मोकळा, धीट आवाज, आणि राग मुलतानी नव्हे, भीमपलासी. विनायकरावांना गाता येत नसलं तरी बत्तीस वर्षं टेपांत गेली होती. एवढं कळत होतं. नरेशला कळत नव्हतं. त्याने डब्यावरचं वाचलं होतं आणि कागदावर उतरवलं होतं.

‘काकी की आवाज तो कमाल है दादा,’ नरेश म्हणाला.

आता बोलायचं होतं. ‘ही तिची टेप नाही, मी पुसली,’ एवढंच. नरेशने कार्यक्रम बदलला असता. पण पलीकडच्या टेबलावरचे दोघे कौतुकाने बघत होते. त्यांतला एक म्हणाला, ‘इनके जमाने में एक टेप इधर की उधर नहीं होती थी.’ विनायकरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

‘इतवार को और कुछ लगा दो तो?’ त्यांनी कसंबसं विचारलं. ‘काकी को... अपना नाम सुनना अच्छा नहीं लगता.’

‘क्या दादा!’ नरेश हसला. ‘काकी ने ही तो कल अनुश्री दीदी से मेसेज करवाया, टाइम पक्का है ना करके. हव बोल दिया मैंने.’

विनायकरावांनी चहा संपवला, त्याचे पैसे स्वतः दिले, आणि घरी आले. प्रामाणिक माणूस.

शुक्रवारी त्यांनी सांगायचं ठरवलं. पद्मिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. ते समोर बसले आणि म्हणाले, ‘पद्मिनी, ते टेपचं जरा...’ तिने बोट ओठांवर ठेवून त्यांना थांबवलं, जवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, ‘मले भेव वाटून राहिलं. तेव्हा दुसरा आलाप घाबरत घेतला होता. लोक हसतील का हो?’

‘नाही हसणार,’ ते म्हणाले. झालं, इतकंच बोलणं झालं. उपाशी माणसाच्या ताटातला घास काढून घ्यायला दगडाचं काळीज लागतं. तो घास खोटा आहे हे सांगायला त्याहून मोठं लागतं, आणि विनायकरावांकडे दोन्ही नव्हती.

रविवारी दुपारपासून माणसं यायला लागली. शेजारच्या सरलाताई आल्या, त्यांच्यासोबत भजनी मंडळाच्या चौघी आल्या. पद्मिनी तिच्या लग्नातली जांभळी पैठणी नेसली होती. केसांत गजरा होता. अनुश्रीने पोह्यांच्या बशा फिरवल्या. चारला पाच मिनिटं असताना विनायकराव हळूच उठले, जिन्याखाली गेले आणि विजेचा मुख्य खटका खाली ओढला. पंखे थांबले, रेडिओ गप्प झाला.

‘लाइट काहून गेली आताच?’ सरलाताई कळवळल्या.

‘कोई बात नहीं,’ अनुश्री म्हणाली, ‘मोबाइल पे भी आता है.’ तिने मोबाइल स्टीलच्या पातेल्यात ठेवला, आवाज घुमावा म्हणून. विनायकराव परत आले आणि प्रशस्तिपत्राखाली बसले.

नरेशने नाव घेतलं. श्रीमती पद्मिनी बोधनकर, राग मुलतानी. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तंबोरा सुरू झाला. पद्मिनीने डोळे मिटले आणि उजवा हात मांडीवर ठेवला.

मुलीने सूर लावला. मुलतानीत जो चढा मध्यम यायला हवा तो आलाच नाही. साधा मध्यम आला आणि ती मुलगी त्यावर निवांत विसावली.

पद्मिनीचे डोळे उघडले. मांडीवरचा हात तसाच राहिला. तिने पातेल्याकडे पाहिलं, मग सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. एकदाच. विनायकरावांना वाटलं, ती उठेल, काहीतरी फेकेल. ती उठली नाही. पाठ ताठ ठेवून ती वीस मिनिटं त्या परक्या मुलीचं गाणं ऐकत बसली. कारण खोलीत पाहुणे होते आणि गाणं चांगलं होतं.

‘अहो, काय गळा होता तुमचा!’ सरलाताईंनी तिचे हात धरले. ‘अन् इतके वर्ष आमच्यासोबत नुसते टाळ वाजवून राहिल्या तुम्ही!’

पद्मिनीने हात जोडले.

अनुश्री रडत होती. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती म्हणाली, ‘आई, मैंने तुम्हें ऐसे कभी सुना ही नहीं था. पूरा रेकॉर्ड कर लिया मैंने. अब हमेशा मेरे पास रहेगा.’

पद्मिनी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिने लेकीला काही सांगितलं नाही. सांगायचं ठरवलं असतं तरी त्या गलक्यात तिचं ऐकू कोणाला आलं असतं?

सगळे गेले. विनायकरावांनी खटका वर केला, पंखे फिरू लागले. बाहेर अजून ऊन होतं. पद्मिनी गजरा सोडून बशीत ठेवत होती. तिने त्यांना जवळ बोलावलं, कारण लांबून तिला बोलता येत नाही.

‘कधी?’ तिने विचारलं.

‘ब्याण्णवच्या पावसाळ्यात.’

तिने बशी बाजूला सरकवली. ‘म्हंजे अनु मोबाइल घेऊन बसली होती, तेव्हा तुम्हाले माहीत होतं.’

‘हो.’

‘तिथंच बसले होते तुम्ही. खुर्चीवर.’

‘हो.’

‘काहून पुसली?’

टेपांचा तुटवडा, साहेबांचं हसणं, घरच्या माणसासाठी नियम वाकवायचा नाही, असं सगळं विनायकरावांनी सांगितलं. ती ऐकत राहिली, जसं दुपारी गाणं ऐकलं तसं. शेवटी त्यांचे शब्द संपले. मग खाली बघत ते म्हणाले, ‘केंद्रात लोक मले पद्मिनीबाईंचे मिस्टर म्हणत होते.’

एवढंच होतं. इतकी वर्षं छातीवर धोंड्यासारखं वागवलेलं, बाहेर काढल्यावर मुठीत मावेल एवढं निघालं. यासाठी एका बाईचा आवाज पुसला गेला होता. विनायकरावांना ओरडून रडावंसं वाटलं, पण तोही हक्क आपला नाही हे त्यांना कळत होतं.

पद्मिनीने त्यांच्या कानाशी तोंड आणलं. ‘माहे आईबाप गेले. गुरुजी गेले. तो आवाज रोज ऐकलेले आता तुम्हीच उरले. सांगा ना, कसा होता? मले तर आठवतच नाही.’

विनायकरावांनी डोळे मिटले. माजघरातली सकाळ आठवली. तिची तंबोऱ्यावर झुकलेली मान आठवली, हिरवं लुगडं आठवलं. ओठ हलताना दिसले. त्यांनी सगळा जीव कानात आणला. आणि त्या ओठांतून ती बिननावाची मुलगी भीमपलासी गाऊ लागली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच.

‘नाही येऊन राहिला,’ ते म्हणाले.

पद्मिनी त्यांच्यापासून बाजूला झाली. आतल्या खोलीत अनुश्री कचेरीतल्या कोणाला तरी फोनवर ते गाणं लावून दाखवत होती. ‘सुनो, सुनो,’ ती म्हणत होती, ‘ये मेरी आई की आवाज है.’

पद्मिनीने उठून मधलं दार लोटून घेतलं.