दारावरची बाटली

भागीबाई मखमलाबादकडची माळकरी बाई. घरी फुलशेती, आणि स्वभाव असा की दुसऱ्याचं दुखणं दिसलं की गप्प म्हणून बसवणार नाही. लेक संजनाचं सिझर झालं, दिवस भरायच्या आत नातू आला. एवढासा जीव! त्याला काचेच्या खोलीत ठेवलेलं. संजनाला उठवत नव्हतं, म्हणून तिचं दूध वाटीत घेऊन बाळापाशी जायचं ते आजीनंच.

शेजारच्या खाटेवर रूपाली नावाची पोर होती. तिचे टाके पिकलेले, अंग तापानं फणफणलेलं, आणि जवळचं माणूस म्हणाल तर कुणी नाही. मग काय, भागीबाईनं पदर खोचलाच. तिला उठवून बसव, घाण झालेलं फडकं बदल, पाणी पाज. "लेकीसारखीच हाय की," म्हणायची.

काचेच्या खोलीच्या दारावर एक बाटली टांगलेली होती. त्यातलं औषध हाताला चोळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, अशी सिस्टरची सक्त ताकीद. पहिल्या दिवशी भागीबाईनं चोळलं, हात नाकाशी नेला आणि तिला शिसारीच आली. अगं बाई, हा तर दारूचा वास! गळ्यात तुळशीची माळ घालून असल्या हातानं देवासारख्या लेकराला धरायचं? छे! तेव्हापासून बाई बाटलीपाशी थांबायची, कोरडेच हात एकमेकांवर घासायची आणि आत शिरायची. सिस्टरला वाटायचं, आजी मोठी शिस्तीची.

आज सकाळी ती चहा घेऊन वॉर्डात आली तर रूपालीची खाटच जागेवर नाही! दवाखान्यातल्या दोन मावश्या अंगभर प्लास्टिकचे झगे घालून तिथली भिंत पुसत होत्या. भागीबाईनं सिस्टरला गाठलं.

"गेली का काय पोर?"

"नाही आजी, वेगळं ठेवलंय," सिस्टर म्हणाली. "रिपोर्ट आलाय. तिच्या जखमेतल्या जंतूवर औषधच लागू पडत नाही. भारीतली भारी इंजेक्शनं दिली, सगळी फुकट. जगभरच्या दवाखान्यांत पसरतोय मेला, आणि पसरतो तो हातावरून. तिला कुणी हात लावला होता का?"

"आमची आईच करायची तिचं सगळं," संजना खाटेवरून म्हणाली. "पण ते औषध चोळल्याशिवाय ती बाळाकडे जातच नाही. हो ना गं आई?"

भागीबाईनं हो म्हटलं तर सुटका होती. लेकीचे शिव्याशाप नाहीत, नातवाची ताटातूट नाही. पण काल संध्याकाळी बाळानं दूध ओढलं नव्हतं. त्याचे पाय ऊन लागले होते, आणि ही वेडी समजली, पेंगुळलंय लेकरू. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"नाय गं," ती कशीबशी म्हणाली. "नाय चोळलं. पहिला दिस सोडला तर कधीच नाय."

सिस्टर पुढचं ऐकायला थांबलीच नाही. ती काचेच्या खोलीकडे पळत सुटली.

"माझं बाळ!" संजनानं पोट धरून पाय खाली सोडले. उभी राहिली आणि तोल गेला, तशी तिनं आईकडे हात पसरला. "आई, धर मला! अगं धर ना!"

भागीबाई हात पाठीमागं घेऊन मागं मागं सरकत गेली.