कबरीपाशी रोवलेला भाला

मित्रांनो, मी एक जुना भाला आहे. शिवेबाहेरच्या या कबरीपाशी मला उभा रोवून ठेवले आहे. माझे काशाचे पाते हिरवे पडले आहे आणि दांडा मुंग्यांनी पोखरला आहे. येणारीजाणारी माणसे मला वळसा घालून जातात. शेळ्यासुद्धा माझ्याशी अंग घासत नाहीत. ही वेळ माझ्यावर का आली ते सांगतो, पण गोड गोष्टीची अपेक्षा करू नका. माझा स्वभाव डूख धरणारा आहे, आणि वयाने तो जराही निवळलेला नाही.

माझे झाड डोंगराच्या वाऱ्याच्या बाजूला वाढले, म्हणून माझे लाकूड चिवट. फिलोन नावाच्या तरुण शेतकऱ्याने ते स्वतः निवडले. कासाराने वर पाते बसवले, आणि जमिनीत उभा राहावा म्हणून बुडाला अणी बसवली. पकडायच्या जागी फिलोनची नवी नवरी निकेसो हिने तांबड्या चामड्याची पट्टी गुंडाळली. तिने ती इतकी घट्ट ओढली की फिलोन हसून म्हणाला, "अगं, भाला आहे तो, माझा गळा नव्हे."

मग राजाचे समुद्रापलीकडच्या कुणाशी तरी बिनसले, आणि ते निस्तरायला शेतकऱ्यांची पोरे गेली. फिलोनच्या शेजारी ढालीला ढाल लावून त्याच्याच गावचा, वयाने बराच मोठा लाम्पोन उभा असायचा. एकदा फिलोनवर आलेला घाव लाम्पोनने आपल्या हातावर झेलला आणि त्यात त्याची दोन बोटे गेली. त्या दोघांसारखी जोडी छावणीत नव्हती. शहर पडले तेव्हा शूरांचा मान म्हणून एक काशाचा हंडा द्यायचा ठरला. सगळ्यांनी फिलोनचे नाव घेतले. गवयाने त्याच्यावर गाणेही रचले, त्यात माझा उल्लेख एकदाच आला. माझे मला ठीक वाटले. लाम्पोनला मात्र त्याच्या बोटांची आठवण झाली. 

गावी पोचल्यावर सुगीच्या दिवसांत, खळ्यावर, त्याने फिलोनच्या डोक्यात मागून दगड घातला. मी खळ्याच्या भिंतीला टेकून उभा होतो. अगदी जवळ. हात लांब केला असता तर फिलोनला मी मिळालो असतो. पण त्याला हात लांब करायलाही वेळ मिळाला नाही, आणि मला पाय नाहीत. तो राग अजून माझ्या दांड्यात आहे.

आमच्याकडे खून झालेल्या माणसाच्या तिरडीपुढे भाला नेतात. जवळचा नातलग तो कबरीपाशी रोवतो आणि खुन्याचे नाव मोठ्याने घेऊन सांगतो की हे रक्त वसूल होईल. फिलोनचा मुलगा दामोन तेव्हा अंगावर पीत होता. निकेसोने त्याची इवलीशी मूठ माझ्या पट्टीवर ठेवली आणि त्याच्या वतीने शब्द तिने उच्चारले. तिचा आवाज जराही कापला नाही. लाम्पोन मात्र तोवर परागंदा झाला होता.

दामोनची मूठ पट्टीवर धरूनच निकेसोने मला उपटले आणि ती खाडीअलीकडच्या आपल्या माहेरी आली. मी चुलीजवळच्या खांबाला लागलो. ती रोज मला तेल लावायची. दामोन बोलायला लागला तसा विचारायचा, "आई, बाबा कसे होते?" ती म्हणायची, "तो भाला बघ." याहून जास्त तिने त्याला कधी काही सांगितले नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

दामोन मोठा झाला. एका वर्षी ऑलिव्ह झोडायच्या दिवसांत दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. कपड्यांच्या चिंध्या झालेल्या, दाढी धुळीने भरलेली.

"बाई, कालपासून पोटात काही नाही."

"या बाबा. आधी पाय धुवा, मग जेवा."

"मी खाडीपलीकडचा. माझं नाव..."

"नाव नंतर," निकेसोने त्याला अडवले. "आधी पोटभर जेवा. आम्हाला घाई नाही."

पाहुण्याचे पोट भरेपर्यंत त्याला नाव विचारायचे नाही, ही आमची रीत. त्याने जवाच्या भाकरीसाठी हात पुढे केला आणि मला तो हात दिसला. दोन बोटे नव्हती. मित्रांनो, आयुष्यात मला तोंड हवे होते ते त्या क्षणी. निकेसोला मात्र इतक्या वर्षांनी त्या दाढीआडचा माणूस ओळखू आला नाही; ती खाली बघून त्याला कालवण वाढत होती, वर आणखी घ्या म्हणत होती.

दामोन रानातून आला. हातपाय धुऊन पाहुण्याजवळ बसला, त्याला पेला भरून दिला आणि मग विचारले, "आता सांगा बाबा. कोण, कुणाचे?"

"लाम्पोन. स्त्रातोनचा मुलगा."

निकेसो वाडगा पुसत होती, ती पुसतच राहिली. दामोनचा हात खांबाकडे गेला. म्हाताऱ्याची नजर त्या हातामागे आली आणि तांबड्या पट्टीवर थांबली. त्याने मला ओळखले. तो सरपटत पुढे आला आणि त्याने निकेसोच्या गुडघ्यांना मिठी मारली.

"आई, नाव आधी विचारलं असतंस तर तुझी जीभ झडली असती का?" दामोन म्हणाला.

"उपाशी माणसाला नाव विचारायचं? माझ्या बापाच्या घरात?"

"मग आता काय करायचं?"

"आता तो आपला पाहुणा आहे. भाला जागेवर ठेव."

ज्याने घरचे अन्न खाल्ले त्याला हात लावायचा नाही. अहेर देऊन शिवेपर्यंत पोचवेपर्यंत तो घराचा, शिवेपलीकडे ज्याचा तो. लाम्पोनला हे पक्के ठाऊक होते, म्हणून त्याने जायचे नावच काढले नाही. सगळा हिवाळा तो चुलीपाशी बसून राहिला आणि निकेसो त्याला दोन्ही वेळा वाढत राहिली. त्याला वाढलेली प्रत्येक भाकरी मी पाहिली आहे. एकही विसरलेलो नाही.

पण खरा घात पुढेच होता. लाम्पोन दामोनला बापाच्या गोष्टी सांगू लागला.

"तुझा बाप पाण्याला भ्यायचा. बोटीत बसला की डोळे गच्च मिटायचा, आणि वर म्हणायचा, 'मी विचार करतोय.'"

दामोन खो खो हसला. त्या घरात तसे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले. गोष्ट खरी होती, मी त्याच बोटीत होतो. पण मला विचारतो कोण?

एके दिवशी दामोनने विचारले, "मग मारलंत कशाला?"

म्हाताऱ्याने आपल्या हाताकडे पाहिले. "हंडा त्याला दिला म्हणून. पोरा, यापेक्षा मोठं कारण असतं तर मलाही बरं वाटलं असतं."

त्या दिवसापासून दोघे एका ताटात जेवू लागले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.  निकेसो मात्र मागावर लोकरीची शाल विणत बसायची. दामोनला वाटले, आई निवळली. मला तसे वाटले नाही, कारण हल्ली ती मला दिवसातून दोनदा तेल लावत होती.

वसंतात शाल पुरी झाली. निकेसोने ती लाम्पोनच्या खांद्यांवर घातली. "पाहुणचार झाला. हा आमचा अहेर."

त्याने लोकरीवरून हात फिरवला. "फार उबदार आहे, बाई. उन्हाळ्याच्या तोंडावर कशाला?"

"शिवेपर्यंत पुरली म्हणजे झालं."

तो समजला. शाल सावरून उठला. पुढे तो, मागे मला घेतलेला दामोन आणि त्याच्या मागे निकेसो, असे तिघे शिवेच्या दगडापर्यंत आले. लाम्पोनने दगड ओलांडला आणि तो वळून उभा राहिला. दामोनने मला उचलले, पण फेकले नाही.

"पळा, बाबा," तो म्हणाला. "पळा ना."

निकेसोने मला त्याच्या हातातून काढून घेतले. इतकी वर्षे रोज हाताळलेला मी, माझा तोल तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. मी शालीतून आरपार गेलो. मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला फार बरे वाटले.

"कुत्र्यांना टाक त्याला," निकेसो म्हणाली.

दामोनने ऐकले नाही. त्याने तिथेच खड्डा खणून म्हाताऱ्याला शालीसकट पुरले.

"तो तुझा कोण लागत होता?" तिने विचारले.

"त्याचं दुसरं कुणी नाही. आणि मी त्याच्या ताटात जेवलो आहे."

मग त्याने मला उचलले. माझ्यावरचे रक्तसुद्धा पुसले नाही. कबरीच्या उशाशी मला रोवले, पट्टीवर मूठ ठेवली आणि रीतीप्रमाणे मोठ्याने सांगितले की लाम्पोनचे रक्त वसूल होईल. रीतीप्रमाणे खुन्याचे नावही घ्यावे लागते. जन्मात पहिल्यांदा दामोनने आईचे नाव उच्चारले. मग तो खाडीच्या वाटेने उतरून गेला, तो आजवर परत आलेला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी खांबाला टेकून उभा असेल, तर त्याला तेल लावू नका. त्याच्याकडे बोट दाखवून पोराला बापाची ओळख करून देऊ नका. त्याचा दांडा काढून द्राक्षाच्या वेलाला आधार द्या. माझ्या बाबतीत मात्र आता उशीर झाला आहे. मला एकच काम शिकवले गेले, आणि ते मी विसरू शकत नाही.

निकेसो अजून रोज येते. हातात तेलाची कुपी असते. समोरच्या दगडावर बसते, पण मला हात लावत नाही. रोवलेला भाला रक्त वसूल करणाऱ्यानेच उपटायचा असतो, हे तिनेच मला आणि दामोनला शिकवले. खाडीकडून पावले वाजली की ती मान वर करून बघते. मीही बघतो.