गाडीपुरती जागा

पोलीस ठाण्याने पाठवलेला मोजणीदार केशकर्तनाच्या दुकानापुढे वाकून फीत सोडत होता, तेव्हा तोमोए इनागाकी आत किनुए आजींचे पांढरे केस धूत होती. काचेतून तिला आधी त्याची पाठ दिसली, मग फीत. गिऱ्हाइकांच्या गाडीसाठी राखलेली एकुलती एक जागा ओलांडून ती फीत पायरीला टेकली, तशी तोमोएने नळ बंद केला.

"काय मोजताय?" तिने दारातून विचारले.

"गाडीच्या जागेचा दाखला. त्याशिवाय नवी गाडी नावावर होत नाही. मिस्टरांनी अर्ज केलाय ना," मोजणीदार कागद पुढे करत म्हणाला. "जमीन तुमच्या नावावर आहे, म्हणून हे तुमचं संमतीपत्र."

संमतीच्या खाली, सहीच्या जागी, शिक्क्याच्या लाल वर्तुळात 'इनागाकी' उमटले होते. स्वस्त वस्तूंच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवर असे तयार शिक्के टांगलेले असतात. ज्याने त्याने आपले आडनाव शोधून घ्यायचे. एकाच आडनावाखाली झोपणाऱ्या दोन माणसांपैकी संमती कोणाची, हे त्या लाल शाईला कसे कळावे?

"कसली गाडी गं?" टॉवेलाखालून किनुए आजी ओरडल्या.

"पिवळी. इटालियन. दोन माणसांची," तोमोए म्हणाली. नऊ वर्षे त्या गाडीचे चित्र संडासाच्या दारावर आतून चिकटवलेले होते. चुकण्याचा प्रश्नच नव्हता.

"दोनच माणसांची? आणि माझा गुडघा कुठं उतरवायचा? सूनबाई मला दारात सोडते म्हणून येते मी. उद्या कोपऱ्यापासून चालत या म्हणालीस, तर स्टेशनजवळच्या त्या पोरीकडे जाईन हो, आधीच सांगते."

आजी थट्टेत बोलत होत्या, पण खोटे बोलत नव्हत्या. तोमोएची सगळी गिऱ्हाइके अशीच होती : कुणाची कंबर, कुणाचा गुडघा. ती जागा गेली की वडिलांनी मागे ठेवलेल्या या दोन खुर्च्यांवर धूळच बसायची.

"हा शिक्का माझा नाही," ती म्हणाली.

मोजणीदार जमिनीकडे पाहू लागला. अशी घरे त्याने पाहिली असावीत. "मग... अर्ज मागे घेतला, एवढंच लिहू का?"

"एवढंच लिहा."

तिचा नवरा शिगेहिको कौलांच्या कारखान्यातून संध्याकाळी परतला. पाठवणी विभागातला कारकून. पगार जसाच्या तसा बायकोच्या हाती देणारा आणि तिने पाकिटात घालून दिलेल्या हातखर्चावर महिना काढणारा. त्या खर्चातून नऊ वर्षे त्याने बिअर कापली, सिगारेट कापली, जेवण कापले, आणि या काटछाटीला तो मनातल्या मनात तपश्चर्या म्हणत आला.

"विसार देऊन बसलोय मी," तो म्हणाला. "नऊ वर्षं, तोमोए! दुपारी नुसते भाताचे गोळे खाल्ले."

"वळले कुणी?"

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

"पहाटे उठून भात कुणी शिजवला? आत आंबट आलुबुखार कुणी भरलं? वर समुद्रशेवाळ गुंडाळून डबा कुणी हातात दिला? तुम्ही उपास केलात, आणि भूक मी रांधली. वर माझ्याच नावाचा शिक्का विकत आणलात. विचारायला तोंड नव्हतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

त्याने मान खाली घातली. त्या झुकलेल्या मानेत पश्चात्ताप शोधण्याइतकी ती भोळी नव्हती. तो दुसरी जागा शोधत होता. कायद्याने ती घरापासून दोन किलोमीटरांच्या आत हवी. तशी एक सापडली : गावाबाहेर, कांद्याच्या शेतांमध्ये, खडी पसरलेली. तिचे भाडे अर्थातच हातखर्चातून. पाकीट फुगणार नाही, हे तोमोएने एकदाच सांगितले.

गाडी आली. कौलांची नोंद ठेवणाऱ्या माणसाने सूर्य विकत घ्यावा तशी ती त्या खडीवर उतरली. भाडे, कर आणि विमा भागवल्यावर पाकिटात जे उरले, त्यात पेट्रोल मात्र बसले नाही.

आता तो दर रविवारी सायकलने तिथे जातो, गाडी पुसतो आणि आत बसून राहतो. एकदा किनुए आजींचे, त्यांच्या नातीच्या लग्नासाठी, केस बांधायला जाताना तोमोए सायकलने तिथून गेली. स्टिअरिंगवर त्याचे दोन्ही हात, नजर समोर, आणि समोर काय, तर कांदे. तिला पाहून त्याने काच खाली केली.

"बसतेस?"

"कुठं जायचंय?"

"जायचं असं नाही... नुसतं बस. आसन बघ, चामड्याचं आहे."

एका पायावर सायकल तोलत तिने त्या आसनाकडे पाहिले. गाडी खरेच देखणी होती, आणि त्याचाच तिला अधिक राग आला.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मला पोचायचंय."

तिने पायडल मारले. मागे त्याने काच वर केली, सावकाश, जणू धावत्या गाडीत वारा फार येत होता.